बॅकस्ट्रोक पोहता येतो, शिकवता येत नाही

प्रश्न:
चौदा वर्षं बॅकस्ट्रोक (पाठीवर पोहणं) पोहले, १०० आणि २०० मीटरची पदकं घरात आहेत. जूनपासून दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवतेय आणि रोज अडकतेय. भिंत कधी येणार हे मला न बघता कळतं. मुलांना "अंदाज घ्या" म्हटलं की ती मान वळवून बघतात, कंबर बुडते, लेनच्या दोरीला घासतात. काल एकाचं डोकं भिंतीवर आपटलं. फार लागलं नाही, पण मला रात्रभर झोप नाही. अंगात मुरलेलं शब्दांत कसं आणायचं?

प्रतिसाद १:
अंदाज नको, आकडा द्या. तलावावर आडवी टांगलेली झेंड्यांची माळ भिंतीपासून ५ मीटरवर असते. तिथून भिंतीपर्यंत प्रत्येकाला किती हात मारावे लागतात ते मोजा, आणि तेही शर्यतीच्या वेगात. सावकाश पोहताना आकडा बदलतो. सुरुवातीला डोकं आपटू नये म्हणून भिंतीपाशी स्वतः हात आडवा धरून उभ्या राहा.

प्रतिसाद २:
जपानचे दाइची सुझुकी मला यासाठीच आवडतात. सोल ऑलिंपिक, १९८८, १०० मीटर बॅकस्ट्रोक. अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफने हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता, पाण्याखालून लांबच लांब डॉल्फिन किक (दोन्ही पाय एकत्र हलवून) मारत. सुझुकी एरवी २१ किकनंतर वर यायचे. फायनलला २७ मारायच्या ठरल्या, म्हणजे सुमारे २५ ऐवजी ३० मीटर पाण्याखाली. जिंकले ५५.०५ मध्ये, बर्कॉफ ५५.१८, सोव्हिएत संघाचा पोल्यान्स्की ५५.२०. पोहण्यात जपानला १६ वर्षांनी सुवर्ण मिळालं! एवढ्या मोठ्या शर्यतीचा डाव, आणि तो 'एकवीसच्या सत्तावीस' इतक्या साध्या शब्दांत सांगता येतो. पुढे ते स्वतः शिकले त्याच जुंतेंदो विद्यापीठात पोहणाऱ्यांना घडवू लागले. (तुमच्या मुलांना ३० मीटर चालणार नाही. आता १५ मीटरपर्यंत डोकं वर यावंच लागतं.)

प्रश्नकर्ती:
आज झेंड्यांपासून मोजलं. डोकं आपटलेल्याचे पाच हात. चार वेळा बरोबर आला, मान एकदाही वळली नाही. मग माझे मोजले, तीन. इतकी वर्षं कधी मोजलेच नव्हते. आता किक किती ठरवू?

प्रतिसाद २:
सगळ्यांना एकच आकडा नको. वर येताना वेग मरत असेल तर एक किक कमी करा. आणि दम कोंडून लांब जायची पैज मुलांमध्ये अजिबात लागू देऊ नका, ते जिवावर बेततं.