मदत हवी आहे: ४० बारचा पाइप ४०० ला टिकेल का? (अर्जंट)

फणसाळ्या: उद्या सकाळी कलमांवर फवारणी आहे, गडी सांगून ठेवलेत. एचटीपीला (फवारणीच्या पंपाला) नवीन पाइप आणला तर त्यावर ४० बार छापलंय आणि आमचा काटा कायम ४०० वर असतो. दुकानदार म्हणतो बिनधास्त लावा, त्याचं काय जातंय, औषध अंगावर उडालं तर निस्तरायचं कोणी? हो की नाही एवढंच सांगा, लेक्चर नको.

देवगडी७: ४०० काय? केजी (किलो दर चौरस सेंमी) की पीएसआय (पौंड दर चौरस इंच)?

फणसाळ्या: ४०० म्हणजे ४००. वर्षानुवर्षं तिथेच काटा असतो.

कातळावरचा: अहो गेजवर दोन गोल असतात, एक केजीचा एक पीएसआयचा. ४०० केजी तुमचा पंप देणारच नाही, म्हणजे पीएसआय. १ बारला साडेचौदा पीएसआय, ४०० भागिले १४.५ म्हणजे साधारण २७.६ बार. ४० च्या आत आहात.

मालवणी मेस्त्री: इतक्या गणित कित्याक? केजी नि बार एकच धरूचा. टायरात ३२ पीएसआय म्हणजे सव्वादोन, झाला.

कातळावरचा: एकच कसं? १ केजी म्हणजे ०.९८ बार.

मालवणी मेस्त्री: त्या दोन टक्क्यान पाइप फुटतलो? पंप चालू झालो की काटो त्याच्यापेक्षा जास्त थरथरता.

अलिबागचा_वारा: मला एक शंका, मोबाईलवर आत्ता हवेचं प्रेशर १००८ हेक्टोपास्कल दाखवतंय म्हणजे जवळजवळ १ बार, ते या २७ मध्ये मिळवायचं ना? निसर्ग वादळापासून मी रोज बघतो.

देवगडी७: नाही हो. पंप बंद असला की गेज शून्य दाखवतो ना, मग हवेचं सोडूनच मोजतो तो. फणसाळ्या, ४० हे वर्किंग प्रेशर (रोज चालवायचं) की बर्स्टिंग (पाइप फुटायचं)? आणि पंप कुठे, बाग कुठे?

आंबेवाला_राजापूर: थ्रिप्सवर (फुलकिड्यांवर) काय मारताय? आमच्याकडे काही लागूच पडत नाही.

फणसाळ्या: पंप खाली विहिरीवर, बाग वर कातळाला, ३० मीटर तरी चढ. पाइपवर डब्ल्यूपी ४० आणि बीपी १२० आहे, मला वाटलं डॉक्टरचं काहीतरी 😄

देवगडी७: डब्ल्यूपी वर्किंग, बीपी बर्स्टिंग. मग लावा. फक्त दर १० मीटर चढाला १ केजी जातो, म्हणजे तुमचे ३ तिथेच गेले, शिवाय लांब पाइपात घासून जातात ते वेगळेच. वरून गडी ओरडला "प्रेशर नाय" की खालचा गडी रेग्युलेटर पिळून प्रेशर वाढवतो, आणि सगळ्यात जास्त ताण असतो पंपाजवळच्या पाइपावर. ५०० च्या वर नेऊ देऊ नका, ५८० ला तुमचे ४० बार संपले.

मालवणी मेस्त्री: पाइप ऱ्हवतलो रे, जॉइंट सुटतत. क्लिपा नवीन घेतलस की जुन्योच?