मदत हवी आहे : जागलीवरून थेट रक्त द्यायला गेलो, इन्सुलिन २३.६ आलं. रिपोर्ट खरा धरू का?

जागल्या
नमस्कार मंडळी. वय ३९, दिग्रस तालुका, साडेतीन एकर हरभरा. वजन ८१, सगळं पोटावर; हातपाय काडीसारखे. मानेवर मागं काळपट पट्टा आला आहे. बायको तो मळ समजून बेसन-लिंबू लावून घासते, निघत नाही.

गेल्या आठवड्यात रक्त तपासलं. फास्टिंग साखर ११४, एचबीए१सी ६.०, फास्टिंग इन्सुलिन २३.६, थायरॉइडचं टीएसएच ३.१. दाखवलं तिथले डॉक्टर म्हणाले, "शुगरच्या उंबरठ्यावर आहात, वजन उतरवा, तीन महिन्यांनी या." तेवढ्यात पुढचा पेशंट आत.

अडचण अशी, की ते रक्त कसं दिलं हे मी कोणालाच सांगितलं नाही. त्या आठवड्यात थ्री फेज लाइन रात्रीची होती. दहाला मोटर सुरू केली, मग दर तीन तासांनी स्प्रिंकलरच्या नळ्या उचलून पुढं. मधल्या वेळात मचाणावर, कारण डुकरं अन् रोही (नीलगाई). टॉर्च मारला की वावराच्या धुऱ्यावर आठ-दहा हिरवे डोळे चमकतात, मग डबा बडवत सुटायचं. एक वाजता दोन भाकरी, झुणका. साडेचारला थर्मासमधला चहा, गोडच. रात्रीतून तंबाखू-सुपारीचे तीन खर्रे, शेवटचा सहाला. झोप म्हणाल तर बसल्या बसल्या तासभर. साडेसातला चिखलाच्या पायांनी लॅबच्या दारात. पोरीनं विचारलं, "उपाशी ना?" मी म्हटलं हो. चहा आणि खर्रा माझ्या हिशोबात खाण्यात येतच नाहीत.

इन्सुलिनला शरीर किती दाद देत नाही, याचं पुतण्यानं मोबाइलवर गणित केलं: ११४ गुणिले २३.६ भागिले ४०५, उत्तर ६.६. म्हणे अडीचच्या वर वाईट. आता हा आकडा माझ्या शरीराचा, की त्या एका रात्रीचा?

लॅबवाली ताई
भाऊ, साखरेचा चहा तीन तासांपूर्वी म्हणजे ते फास्टिंग नव्हेच. किमान आठ ते दहा तास फक्त पाणी लागतं. पोटात साखर गेली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, ते खाली यायला वेळ लागतो. त्यामुळं २३.६ वर मी काही बोलणार नाही, आणि पुतण्याला सांगा ते गणित फाडून टाक. तसंही इन्सुलिनचा आकडा किटप्रमाणे बदलतो, एका लॅबचा दुसरीशी जुळवू नये.

पण एचबीए१सी वेगळं. लाल पेशींवर दोन-तीन महिन्यांत चिकटलेली साखर ते मोजतं, एका रात्रीनं ते ६.० होत नाही. २३.६ चा दोष चहावर ढकलता येईल, ६.० चा नाही. मानेचा पट्टाही मळ नसावा. इन्सुलिन बरेच दिवस चढं राहिलं की कातडी तिथं जाड आणि काळी होते. बेसन वाचवा.

एक विचारते, घरात सिकलसेल (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) आहे का कोणाला?

जागल्या
आहे ताई. पोरीची शाळेत तपासणी झाली तेव्हा घरादाराची केली, मी एएस निघालो. त्याचा इथं काय संबंध?

लॅबवाली ताई
संबंध आहे. आपल्या भागात हे विचारलंच पाहिजे आणि कोणी विचारत नाही. एएस म्हणजे वाहक, आजार नाही. पण हिमोग्लोबिन वेगळं असलं की काही यंत्रांवर एचबीए१सीचा आकडा चुकतो. लॅबला पद्धत विचारा. खात्री करायची तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची तपासणी करा. दोन तासांनी १४० च्या आत आलं तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे उंबरठा, २०० किंवा वर म्हणजे डॉक्टर गाठायचा. आधीचे तीन दिवस पोळी-भात नेहमीसारखं खा, मुद्दाम उपाशी राहून जाऊ नका.

सकाळची_तासिका
अमरावतीला फिजिओलॉजी शिकवतो. ताईंचं बरोबर आहे, पण "एक रात्र" हा शब्द मला खटकला. जागल्या भाऊ, पेरणीपासून काढणीपर्यंत अशा किती रात्री? तीच तर सवय आहे.

१९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये शिकागोचा एक अभ्यास आला होता. अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तेवढ्यानं त्यांची साखर हाताळायची ताकद खालावली. २००४ मध्ये त्याच मंडळींनी बारा जणांवर दोन रात्री पाहिलं : भूक शमवणारं लेप्टिन १८ टक्के घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं. जागलीनंतर आलूवड्याच्या गाडीपुढं पाय का थांबतात, ते यावरून समजा.

दुसरं, रात्री एकची भाकर. अंधारात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढलेलं असतं आणि तेव्हा इन्सुलिन कमी सुटतं. तीच भाकर संध्याकाळी आठला खाल्ली तर साखर कमी चढते. खर्ऱ्यातला निकोटिन अॅड्रेनालिन वाढवतो आणि इन्सुलिनचं काम बिघडवतो. तुमचा टीएसएच ठीक दिसतो, थायरॉइडच्या मागं लागू नका.

पांढरं_सोनं
भाऊ, मले बी असंच झालं होतं. बायको म्हणे व्यायाम करा. म्या म्हटलं शेतकऱ्याले कोणी व्यायाम सांगते काय? मंग इचार केला : नांगरणी ट्रॅक्टरनं, वावरात जाणं गाडीवर, फवारणी बॅटरीच्या पंपानं. राह्यलं काय? आता संध्याकाळी जेवून पायीच वावरात जातो, दीड किलोमीटर. खर्रा सोडला तं पयले पंधरा दिवस घरच्यांवर उगाच खेकसत होतो. खिशात बडीशोप ठेवली.

सकाळची_तासिका
पायी जाणं उत्तम. चालताना स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतर लगेच चाललं की त्याचा फायदा जास्त.

कडूगोड
कारल्याचा रस महिनाभर घ्या, सगळं नॉर्मल. हवा असल्यास व्हॉट्सअॅप करा, घरपोच.

जागल्या
कडूगोड भाऊ, कारली माझ्याच कुंपणावर आहेत, धन्यवाद.

सर, "सवय" लागलं मनाला. पण लाइन रात्रीची देतात, मी नाही मागितली. रोह्याला बी सांगता येत नाही. जेवण आठला होईल, चहा बिनसाखरेचा होईल, पायी जाणं बी होईल. खर्ऱ्याचं आजच वचन देत नाही, तीनाचा एक करतो.

पुढच्या सोमवारपासून लाइन दिवसाची आहे. तीन-चार रात्री घरी झोपून शुक्रवारी ग्लुकोजची तपासणी करावी म्हणतो. चालेल ना ताई?

लॅबवाली ताई
चालेल. रात्री नऊनंतर फक्त पाणी. सकाळी खर्रा नाही, एकही नाही. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास बाकावर बसून राहा, मधेच मोटरचं सामान आणायला जाऊ नका. आणि सुई टोचायच्या आधी त्या पोरीला स्वतःहून सांगा, रात्रभर कुठं होता आणि शेवटचं काय तोंडात टाकलं ते.