शेळ्या विकल्या म्हणजे मदत वाया गेली का?

काळी_माती (यवतमाळ)

परवा इथे एका दादांनी लिहिलं. त्यांच्या मित्रमंडळाने वर्गणी काढून कळंब तालुक्यातल्या एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरी दहा शेळ्या आणि एक बोकड नेऊन दिला. जूनमध्ये बाईने निम्म्याहून जास्त शेळ्या विकल्या. त्यावर दादांचा निष्कर्ष असा, की या लोकांना आयतं दिलेलं पचत नाही, यापुढे आमच्याकडून एक रुपया नाही. खाली कितीतरी जणांनी माना डोलावल्या. मला ते सहन झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जूनमध्येच का विकल्या, हे कोणी विचारलं? मृगाच्या तोंडावर सरकीची पाकिटं लागतात, डीएपी खताची बॅग लागते, ट्रॅक्टरवाला आधी पैसे मागतो, त्यातच पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. नवऱ्याच्या नावावरचं पीककर्ज थकलेलं, म्हणजे बँक नवीन देत नाही. मग सावकाराच्या दारात जायचं की शेळ्या विकायच्या? तिने शेळ्या विकल्या आणि वावर पेरलं. अहो, शेळी अडीनडीला मोडायलाच असते!

आणि दहा शेळ्यांमागे दिवसभर एक माणूस लागतो. त्या घरातला माणूस तर आत्ताच गेला. बाई दुसऱ्याच्या वावरात निंदणीला गेली तर रोजची मजुरी मिळते, शेळ्यांमागे गेली तर बुडते. की पोरीची शाळा सोडवायची? पावसाळ्याआधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्याच्या रोगाची लस द्यावी लागते, पीपीआर या साथीच्या रोगाचं बघावं लागतं. हे तिला कोणी सांगितलं होतं? फोटो काढून गाडी परत गेली.

२००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी जाहीर झाले होते. त्यात दुधाळ गायीही वाटल्या. कोरडवाहू गावात संकरित गाय! हिरवा चारा नाही, दूध घ्यायला जवळ केंद्र नाही, घरच्यांपेक्षा गायीचा खर्च जास्त. लोकांनी विकल्या. तेव्हाही "पचत नाही" हेच ऐकलं होतं.

पहिल्या वर्षी जनावर देऊ नका. एका खरिपाचा खर्च द्या आणि कागदं करून द्या. बाकी ती बघते.

सिंहगड_रोड

ती पोस्ट माझीच. आम्ही नोकरदार माणसं, पगारातून पैसे काढले, रविवार मोडून तिथे गेलो. आणि आता आम्हीच गुन्हेगार? शेळ्या कोणी सुचवल्या? गावातल्याच माणसांनी. बाईंना विचारलं तेव्हा त्या "चालेल" म्हणाल्या. रोख दिली असती तर ती दारात बसलेल्या देणेकऱ्यांनी नेली असती, हेही तिथल्याच लोकांनी सांगितलं. फोन करून "दादा, पेरणीला पैसे नाहीत, विकते" एवढं सांगितलं असतं तरी वाईट वाटलं नसतं. विश्वास तुटला तो तिथे.

रानजाई

दादा, तुमचा हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. पण नवरा जाऊन महिना झालेला, अंगणात गाडीभर परके लोक, शेजारी सासरा उभा. अशा वेळी कोणती बाई "हे नको, ते द्या" म्हणेल? "चालेल"च म्हणेल. मीही म्हटलं होतं.

मला शिलाई मशीन मिळालं. आमच्या गावात असल्याच घरांमध्ये आधीच मशीनं दिलेली. गाव केवढं, ब्लाऊज किती शिवणार? आणि विधवेकडे लग्नाचे कपडे शिवायला टाकत नाहीत, हे देणाऱ्यांना कसं माहीत असणार? मशीन कोपऱ्यात गेलं.

सरकारचे एक लाख मिळतात म्हणतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ते पात्र ठरलेल्यांना. आमचं प्रकरण अपात्र. कर्ज पाहुण्यांकडून आणि गावातल्या एका माणसाकडून घेतलेलं, बँकेच्या थकबाकीचा कागद नाही. मेलेला माणूस खरा, पण कागद नाही म्हणून तो शेतकरी म्हणून मेलाच नाही.

मला उभं केलं ते एका शिक्षक भाऊंनी. पैसे दिले नाहीत. संजय गांधी निराधारचा अर्ज भरला, उत्पन्नाचा दाखला काढून दिला, आणि वारस नोंदीसाठी माझ्यासोबत तलाठ्याकडे बसले. एकटी गेले की "उद्या या". ते सोबत असले की त्याच दिवशी काम व्हायचं.

निवृत्त_शाखाधिकारी

बँकेच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. कर्जदार मेला तर वारसांवर बोजा येतो तो मिळालेल्या मालमत्तेपुरता, हे आम्ही काउंटरवर सांगायचो. वारसांनी नोंद करून आणली तर नवीन कर्जाचा मार्ग निघायचा. पण लोक येतच नाहीत, कर्जमाफीची वाट बघतात. २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. जो वेळेवर भरतो तो मूर्ख ठरतो. माझ्या शाखेत नियमित भरणारे शेतकरी डोळ्यांत पाणी आणून विचारायचे, साहेब, आमचं काय चुकलं?

काळी_माती

साहेब, धागा कर्जमाफीचा नाही. आणि "नोंद करून आणली तर" यातच तर सगळं अडतं! सातबारा मेलेल्या माणसाच्या नावावर, म्हणून कर्ज नाही, पीकविम्याला अडचण, हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) नोंदणीला अडचण. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या बाईचा कापूस जातो खेड्यावरच्या व्यापाऱ्याकडे, तो म्हणेल त्या भावात. हा दर क्विंटलचा तोटा कोणत्या शेळीने भरून निघणार?

धुऱ्यावरचा

सगळे सुनेच्या बाजूने बोलता, म्हाताऱ्यांचंही ऐका. माझा धाकटा भाऊ गेला. वहिनींचं नाव आम्हीच लावून दिलं, कोणी अडवलं नाही. दोन वर्षांत त्या लेकरांना घेऊन माहेरी गेल्या आणि रस्त्याला लागून असलेला हिस्सा प्लॉटवाल्याला विकला. आई-बाप माझ्याकडे. आईचं दुखणं मी काढतो. उद्या सुनेने दुसरं लग्न केलं तर वडिलोपार्जित वावर परक्या घरात जायचं का?

रानजाई

परक्या घरात? त्या वावरात तिने निंदलं, कापूस वेचला, तेव्हा ती घरची. नवरा मेला की परकी? माझ्या दिराची भाषा अशीच होती. वारस नोंदीवर हरकत त्यांनीच घेतली. कारण काय, तर "ही टिकणार नाही". मी अजून तिथेच राहते.

धुऱ्यावरचा

ताई, तुमच्या दिराचा राग माझ्यावर काढू नका. माझ्या आईच्या औषधाला कोणी संस्था येत नाही.

तालुका_वकील

दोघेही थोडं थांबा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा, मुलं, मुली आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत. म्हणजे तुमच्या आईलाही धाकट्याच्या हिश्शात वाटा होता. तो नोंदवून घेतला होता का? बाप मात्र पहिल्या वर्गात येत नाही. आणि विधवेला मिळालेला हिस्सा पुढे पुनर्विवाह केला म्हणून काढून घेता येत नाही.

खरी अडचण जमीन सासऱ्याच्या स्वकष्टाची आणि त्याच्याच नावावर असते तेव्हा. तो हयात असेपर्यंत सुनेचं नाव वारस म्हणून लागत नाही. अशी घरं पुष्कळ आहेत. तिथे सासऱ्याला बसवून, समजावून वाटणी करून घ्यावी लागते, आणि ते काम गावातलं वजनदार माणूसच करू शकतं.

धुऱ्यावरचा

आईचा वाटा नोंदवला नव्हता. आम्हाला कोणी सांगितलंच नाही. कायदा तुम्ही म्हणता तसा असेल. म्हातारपणाचा प्रश्न त्याने सुटत नाही, एवढंच माझं म्हणणं.

काळी_माती

भाऊ, हे तुमचं पटतं. मदत करणाऱ्याने सुनेसोबत म्हातारा-म्हातारीचाही विचार केला पाहिजे. पण त्यासाठी तिचं नाव अडवून ठेवणं मला मान्य नाही, कधीच होणार नाही. नवरा जिवंत असतानाच सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा, हे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत सांगितलं. १९९२ ला शासनाचा निर्णयही निघाला. किती जणांनी लावलं? गावोगाव विचारून बघा.

निवृत्त_शाखाधिकारी

२०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. हरकत नसेल तर काम होतं. कर्जमाफीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

सिंहगड_रोड

शेळ्या देण्यात आमची चूक होती असं मी म्हणणार नाही. त्याच शेळ्यांच्या पैशातून पेरणी झाली, म्हणजे मदत पोहोचली, हे तुम्हीच सिद्ध केलंत. पण "एक रुपया नाही" हे मागे घेतो. आमच्या गटात एक जण महसूल खात्यातून निवृत्त झालाय, बाईंच्या वारस नोंदीसाठी त्याला घेऊन येतो. मृत्यूचा दाखला, आधार आणि जुना फेरफार (जमिनीच्या नावबदलाची नोंद) लागेल, असं तो म्हणतोय. या वेळी गाडीत फोटोवाला नसेल.

रानजाई

या. पण सोमवार-मंगळवार सोडून या, कापूस वेचणीचे दिवस आहेत, तिचा रोज बुडवू नका. आणि आधी सासऱ्यांशी बोला.