उन्हाळ्यात सव्वादोन वर्षांच्या लेकीला बाहेर खेळायला कधी, कुठे नेता? (खेडेगाव, विदर्भ)

चिमीची आई, देवळी तालुका

नमस्कार. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. लेक सव्वादोन वर्षांची, घरी तिला चिमी म्हणतो. पुण्या-मुंबईकडच्या आयांना विचारलं की "चार-साडेचारला बागेत ने" असंच ऐकायला मिळतं. आपल्याकडे मे महिन्यात चार वाजता अंगणात कुत्रंही फिरकत नाही. पारा ४४-४५ वर, आणि संध्याकाळी साडेसहालाही ओट्याची फरशी पायाला चटका देते. म्हणून इकडच्याच लोकांना विचारते.

गावात बाग नाही. खेळायची जागा म्हणजे जिल्हा परिषद शाळेचं आवार. एक लोखंडी घसरगुंडी, दोन झोके आणि कोपऱ्यात मोठा कडुनिंब. हिवाळ्यात रोज जायचो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदा सकाळी दहाला नेलं. मी आधी शिडीच्या दांड्याला हात लावून पाहिला, तो निंबाच्या सावलीत होता, गार लागला. घसरायचा पत्रा मात्र केव्हाचा उन्हात आला होता, तिकडे माझं लक्ष गेलं नाही. खाली येताना फ्रॉक वर सरकला आणि मांड्या पत्र्याला टेकल्या. तिची ती किंकाळी अजून कानात आहे. तशीच उचलून हापशीवर नेली, पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली धरली. फोड आला नाही, पण लाल चट्टे दोन दिवस होते. आता रस्त्यावरून नुसती घसरगुंडी दिसली तरी "तातं, तातं" म्हणून माझ्या मानेला मिठी मारते.

दुसरी गोष्ट मैत्रिणीची. कॉलेजातली माझी मैत्रीण सात किलोमीटरवरच्या गावात दिली आहे, तिचा मुलगा अडीच वर्षांचा. मागच्या रविवारी सकाळी साडेसहाला गाडीवर गेलो. मला वाटलं, लेकरं खेळतील, आम्ही दोघी जरा बोलू. तर एका प्लास्टिकच्या ट्रॅक्टरवरून अशी ओढाताण झाली की चिमीनं त्याच्या हाताला चावा घेतला. मग दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले, हा माती उकरतो, ही चपला रांगेत लावते. मला मैत्रिणीपुढे फार वाईट वाटलं. नवाला परत निघालो तेव्हाच ऊन टोचत होतं.

आता घरचे म्हणतात, पाऊस पडेपर्यंत कूलरपुढेच ठेव. पण शाळा उघडायला जूनअखेर, आळीतली मोठी पोरं मामाच्या गावाला गेलेली. चिमी दिवसभर दाराची जाळी धरून "बाहेल, बाहेल" करून राहते, आणि शेवटी मोबाईल हातात दिला जातो. मला ते नको आहे. तुम्ही या दोन महिन्यांत लेकरांना कसं नेता? आणि भांडत असतील तरी त्यांना एकमेकांकडे न्यावं का?

तेल्हाऱ्याची आजी

नेच माय. भांडली म्हणून नातं तुटत नाही या वयात. माझे दोन नातू असेच, एकाच ताटात जेवत आणि एकाच वाटीसाठी रडत. मी काय केलं, घरात जे एक होतं ते दोन केलं. दोन सारख्या वाट्या, दोन सारखे पळी-चमचे, दोन लहान गंज, म्हणजे पातेली. एक निळी आणि एक लाल वाटी ठेवली तर दोघांनाही लालच पाहिजे, म्हणून रंगसुद्धा सारखा. दाणे मात्र खेळायला देऊ नको. धाकट्यानं तुरीचा दाणा नाकात घातला होता, अकोल्याच्या डॉक्टरनं चिमट्यानं काढला. तेव्हापासून आमच्याकडे पाणी आणि मातीच.

वेळेचं म्हणशील तर पहाटे साडेपाच ते आठ हा आपला दिवस. आमच्या आळीत याच दिवसांत कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, आणि सकाळी लवकर शिजवायला घ्यायचा, म्हणजे ऊन चढेपर्यंत बाजेवर कुरडया पडतात. चार घरच्या बाया जमल्या की त्यांची लेकरंही येतात. चूल लांब आणि मध्ये एक मोठं माणूस बसलेलं पाहिजे, एवढं बघायचं. चीक निवला की प्रत्येकाच्या वाटीत थोडा गूळ घालून द्यायचा. कोपरापर्यंत माखून खातात. भेट म्हणजे तरी दुसरं काय असते? तुझ्या मैत्रिणीला कुरडया करायलाच बोलाव.

दुपारी लेकरू झोपलंच पाहिजे. संध्याकाळी सातला अंगणात सडा टाकायचा, बाज बाहेर काढायची. आमचे नातू दिवसा जेवढे खेळत नाहीत तेवढे रात्री नऊपर्यंत बाजेखालून इकडून तिकडे करतात.

साकोलीचा बाबा

ताई, घसरगुंडीचं मी सांगतो. आमच्या गावात तीच गत होती. नर्सरीवर टाकतात ती हिरवी शेडनेट आणि चार बांबू, बस. बांबू आपल्याच बेटातले, जाळी ग्रामपंचायतीनं दिली, आणि एका सकाळी सहा-सात जणांनी मिळून उभं केलं. जाळी पूर्व आणि पश्चिम दोन्ही बाजूंना खाली उतरवा, नुसती डोक्यावर टाकली तर सकाळचं तिरपं ऊन पत्र्यावर येतंच. १ मेला ग्रामसभा असते, त्यात विषय मांडा. तोंडी बोलू नका, अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या.

तरीसुद्धा बसवण्याआधी तळहाताची मागची बाजू पत्र्यावर पाच सेकंद टेकवून पाहायची. आपल्याला टेकवत नसेल तर लेकराला बसवायचं नाही.

आरोग्य उपकेंद्रातली ताई, ब्रह्मपुरी

चिमीची आई, चटका बसल्यावर तुम्ही पाण्याखाली धरलंत हे अगदी बरोबर केलंत. बऱ्याच जणी टूथपेस्ट किंवा हळद लावून आणतात, मग आम्हाला कातडी नीट दिसतही नाही.

बाहेर न्याच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शन दिलं आहे. चिमीच्या वयाला दिवसभरात सगळं मिळून निदान १८० मिनिटं हालचाल हवी, आणि स्क्रीन फार तर एक तास, तोही जितका कमी तितका बरा. १८० मिनिटं सलग नकोत. पहाटेचा दीड तास, घरात इकडून तिकडे धावणं, संध्याकाळचा तास, झालं.

पण ऊन हलक्यात घेऊ नका. लहान लेकराचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. गाडीवर समोर बसवून नेता तेव्हा गरम वारा थेट त्याच्या तोंडावर येतो. नऊला निघण्याऐवजी आठच्या आत घरी या, नाहीतर दिवसभर तिथंच थांबून संध्याकाळी परता. डोक्याला सैल सुती दुपट्टा, नाकातोंडावर घट्ट आवळू नका. सोबत पाणी, पन्हं, ताक काहीही चालेल. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

लेकरू सुस्त पडलं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, सहा तासांत लघवी नाही, असं काही दिसलं तर थेट दवाखान्यात. अंग भट्टीसारखं तापून ते असंबद्ध वागायला लागलं किंवा झटका आला तर १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंग ओलं करून वारा घाला.

आणखी तीन गोष्टी, कारण दर उन्हाळ्यात माझ्यासमोर येतात. पाण्याचं घमेलं-टब खेळून झालं की लगेच पालथं करा, वीतभर पाण्यातही लेकरू बुडतं. ओल्या अंगानं चालू कूलरला हात लागू देऊ नका. आणि रात्री अंगणात खेळवताना आधी बॅटरीनं विटा-लाकडांच्या कडा बघा, विंचू याच दिवसांत निघतात.

चाव्याचं मनावर घेऊ नका. दोन वर्षांची लेकरं एकमेकांशी खेळत नाहीत, एकमेकांच्या शेजारी खेळतात. पाठ करून बसले म्हणता, पण चार हातांच्या अंतरावरच बसले होते ना?

चिमीची आई, देवळी तालुका

सगळ्यांचे आभार. आजी, तुमचं वाचून मी मैत्रिणीला फोन केला, "कुरडया करायला ये, मुक्कामाला ये." शनिवारी संध्याकाळी लेकराला घेऊन आली.

सकाळी पावणेसहाला निंबाखाली दोन घमेली ठेवली, दोन्ही सारखी, चार बोटं पाणी, दोन स्टीलचे पेले. पहिली दहा मिनिटं दोघं आपापल्या घमेल्यात. मग त्याचा पेला चिमीच्या घमेल्यात पडला. मी श्वास रोखून उभी. तिनं तो उचलला, पाणी भरलं, त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या पायावर ओतलं. तो हसला. मग त्यानं पाय पुढे केला, परत ओतलं, परत हसला. कितीतरी वेळ तेवढंच चाललं. चीक वाटीत आला तेव्हा दोघं जवळजवळ बसून खात होते, दोघांच्या भुवयांपर्यंत गूळ. मैत्रीण आणि मी दोन वर्षांनी एवढ्या बोललो. ताई, घमेली लगेच पालथी केली. ती दोघं दिवसभर थांबली, ऊन उतरल्यावरच निघाली.

दुपारी मोबाईल पूर्ण सुटला असं नाही, पण त्या रविवारी कोणी मागितला नाही.

भाऊ, १ मेच्या ग्रामसभेत अर्ज दिला, पोच घेतली. सोबत आणखी चार जणींच्या सह्या होत्या. जाळी घ्यायचं ठरलं आहे. ग्रामसेवक विचारत होते, ५० टक्के सावलीची घ्यायची की ७५? तुमच्याकडे कोणती लावली ते सांगा, ते बुधवारी वर्ध्याला जाणार आहेत.