सेकंड हँड पोर्शे बॉक्स्टर बघालोय, कुठल्या वर्षाची टाळायची?

खानापूररोडवाला
नमस्कार मंडळी. कॉलेजपासून डोक्यात एकच गाडी आहे, बॉक्स्टर, आणि आता कुठं जमेल असं दिसालंय. दोन बघून ठेवल्यात. एक पुण्याची, एमएच 12 पासिंग, 2.7 लिटर इंजिन, मॅन्युअल, आरसीवर 2006, लई कमी चाललेली, मालक म्हणतोय वर्षातून एकदोनदाच बाहेर काढतो. दुसरी बेंगळुरूची, केए पासिंग, 2009 ची 2.9 पीडीके म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची, रनिंग जास्त आणि किंमतही बरीच जास्त. माझं मन पुण्याच्या गाडीवर आहे, मॅन्युअल आहे आणि कमी चाललेली पण, मग बिघडणार काय तिच्यात? पण नेटवर जिथं बघावं तिथं बेअरिंग बेअरिंग म्हणून भीती घातलीय. नेमकी कुठली वर्षं नको? आणि आपल्या बेळगावच्या पावसात ही गाडी सांभाळता येईल का? घरी बाबांना पटवायचं आहे, त्यामुळं जे असेल ते स्पष्ट सांगा.

उद्यमबाग_लेथ
बाळा, बेअरिंगचं नीट समजून घे, मग वर्षं आपोआप कळतात. या इंजिनात क्रँकच्या खाली एक शाफ्ट आहे, आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट म्हणतात, क्रँकवरून फिरतो आणि पुढं चेनने कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, फिरवतो. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला सील केलेलं बॉल बेअरिंग बसवलंय, आत ग्रीस भरून. आता गरम ऑइलमध्ये ते सील किती दिवस टिकणार? सील कडक होतं, ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन निघतं आणि आत शिरलेलं ऑइल तिथंच अडकून खराब होतं. मग बॉलवर बारीक खड्डे पडायला सुरुवात. बेअरिंग गेलं की कॅमचं टायमिंग गेलं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अख्खं इंजिन भंगारात.

सुरुवातीच्या गाड्यांत दोन रांगांचं बेअरिंग होतं, ते बरं होतं. 2000-01 च्या आसपास एका रांगेचं बारकं बसवलं आणि तिथं घोळ झाला. अमेरिकेत यावरून कोर्टकज्जा झाला तो 2001 ते 2005 मॉडेलच्या गाड्यांचाच. ही वर्षं नकोच, निदान बेअरिंग बदलल्याचं बिल दाखवल्याशिवाय तर अजिबात नको. 2006 ते 08 ला मोठं बेअरिंग आलं, ते जायचं प्रमाण फार कमी आहे, पण ते गिअरबॉक्सकडच्या भोकातून बाहेर येत नाही, बदलायचं तर क्रँककेस उघडायला लागते. 2009 पासून इंजिनच नवीन, त्यात हा शाफ्टच नाही, विषय संपला.

आणि कमी चाललेली म्हणून खूश होऊ नकोस. रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा उभी राहिलेल्या गाडीचं हे बेअरिंग जास्त जातं असाच सगळीकडचा अनुभव आहे. उभ्या गाडीत ऑइलमध्ये ओल धरते, ॲसिड तयार होतं, ते स्टीलला खातं.

कोल्हापूर_बेळगाव_अपडाऊन
काकांनी सगळं बरोबर सांगितलंय, फक्त एक गोष्ट जोडतो. आरसीवर 2006 आहे म्हणून 2006 मॉडेल धरू नका. चेसिस नंबरचा दहावा आकडा बघा, 5 असेल तर मॉडेल 2005 चं, 6 असेल तर 2006 चं. 2005 च्या गाड्यांत काहींना बारकं बेअरिंग आहे काहींना मोठं, बाहेरून कळत नाही, गिअरबॉक्स उतरवल्यावर बेअरिंगच्या मधला नट 13 मिमीचा निघाला तर बारकं, 22 चा निघाला तर मोठं. बेंगळुरूच्या गाडीलाही तेच करा, दहावा आकडा 9 आला पाहिजे, 8 आला तर इंजिन जुनंच आहे आणि मग एवढी किंमत द्यायचं कारण नाही.

दुसरं म्हणजे 2007-08 ची 3.4 एस कुणी स्वस्तात देतोय म्हणाला तर सावध राहा, त्यात सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात. बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून सहाही सिलिंडर बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. 2.7 ला हा त्रास कमी. आणि मॅन्युअल गाडी आहे तर कॉम्प्युटर लावून ओव्हररेव्हचा रिपोर्ट काढा, चुकीच्या गिअरमध्ये टाकून कुणी इंजिन किंचाळवलं असेल तर ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, त्याची नोंद राहते. मालक यातलं काही करू देत नसेल तर सरळ परत या.

निपाणी_एनएच48
सगळे इंजिनवर बोलालेत, मी कागदावर बोलतो कारण आपल्या बॉर्डरवर खरं दुखणं ते आहे. एमएच गाडी आणून तशीच फिरवणारे पुष्कळ आहेत, पण दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांच्या वर ठेवली की नंबर बदलायला लागतोच आणि अशी गाडी पोलिसांच्या डोळ्यात पहिली भरते. पुण्याच्या आरटीओची एनओसी काढा, मग इकडं केए 22 ला, म्हणजे बेळगाव आरटीओत, लाइफटाइम टॅक्स भरा. 20 लाखांवरच्या गाडीला कर्नाटकात 18 टक्के, वर सेस. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो खरा, पण हिशेब गाडीच्या मूळ किमतीवरून धरतात, तुम्ही कितीला घेतली त्यावरून नाही. शिवाय दोन्ही गाड्यांची 15 वर्षं उलटलीत, रिन्यूअल झालंय का आणि कधीपर्यंत आहे ते बघा, 2022 पासून इम्पोर्टेड गाडीची ती फी 40 हजार केली होती, आता किती आहे ते आरटीओत विचारून घ्या. बेंगळुरूची गाडी केए आहे, तिला फक्त नावावर करणं. दोन्हींच्या किमतीतला फरक हे सगळं धरून काढा, बराच कमी होईल.

खानापूररोडवाला
बापरे, एनओसी टॅक्सचं डोक्यातच नव्हतं. काका, समजा पुण्याच्या गाडीचा दहावा आकडा 6 निघाला तर बघायला काय हरकत आहे? मॅन्युअल सोडवत नाही ओ.

उद्यमबाग_लेथ
हरकत नाही, पण मग एक काम करायचंच. ऑइल फिल्टर काढून घे, कागदाची घडी कापून पांढऱ्या फडक्यावर पसर आणि त्यावरून लोहचुंबक फिरव. चुंबकाला चिकटणारा चमकणारा कण आला तर ते बेअरिंगचं स्टील असू शकतं, गाडी तिथंच सोड. चुंबकाला न चिकटणारे प्लास्टिकचे तांबूस तुकडे आले तर ते बहुतेक चेनच्या गाइडचे, त्याची भीती तेवढी नाही. घेतलीस तर क्लच बदलताना बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकायला सांग, म्हणजे इंजिनचं ऑइल आतबाहेर फिरत राहतं, बरेच जण तसंच करतात. आणि गाडी दर आठवड्याला नीट गरम होईपर्यंत पळव, हत्तरगीपर्यंत जाऊन आलास तरी पुरे. नुसती गेटात चालू करून बंद करणं सगळ्यात वाईट.

तरी माझं मत विचारशील तर बेंगळुरूचीच घे. बाबांना पटवायचं म्हणतोस ना, ज्या इंजिनात दुखणंच नाही ते पटवायला सोपं.

कॅम्पातला
पावसाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. छपराच्या दोन्ही बाजूंना मागं पाणी जायच्या नळ्या असतात, त्यात झाडाचा पाला अडकला की पाणी थेट आत येतं आणि सीटखाली जो कंट्रोल युनिटचा डबा आहे त्यात जातं. मग गाडी चावीच ओळखत नाही, चालूच होत नाही. बघायला जाशील तेव्हा सीट मागं सरकवून खालच्या कार्पेटवर हात दाबून बघ, ओलसर लागलं किंवा कुबट वास आला तर तिथंच विचार. आणि आपल्याकडं मे संपायच्या आत त्या नळ्या साफ करून घ्यायच्या, कॅम्पात हिंडलग्यात जिथं मोठी झाडं आहेत तिथं खाली लावायचीच नाही.

चोर्ला घाटाचं म्हणशील तर पावसाळ्यात नेऊ नकोस, खड्ड्यात पुढचा बंपर खाली घासतो. ऑक्टोबरनंतर खुशाल ने.