सगळीच गाणी उसनी नाहीत

वर कुणीतरी लिहिलंय की मराठी ख्रिस्ती गीतं म्हणजे इंग्रजी चालींवर बसवलेले शब्द. अर्धंच खरं आहे. 'ओल्ड हंड्रेड्थ' (म्हणजे 'जुनं शंभरावं') ही चर्चमधली प्रसिद्ध चाल आमच्या सोलापुरातही पेटीवर वाजते, पण ती चाल मुळात इंग्रजी नाहीच. संगीतकार लुई बुर्जुआने जिनिव्हात १५५१ च्या फ्रेंच स्तोत्रसंग्रहात ती बायबलमधल्या १३४ व्या स्तोत्रासाठी दिली. शंभरावं स्तोत्र इंग्रजी पद्यात आणून विल्यम केथने तिला जोडलं आणि चालीला शंभराव्याचंच नाव चिकटलं. म्हणजे इंग्रजांनीही चाल उसनीच घेतली की!

आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९)? तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारा माणूस. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवी सोडली नाही. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य अपुरं राहिलं, ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं (हे श्रेय त्यांना कुणी फारसं देत नाही).

आमच्याकडे नाताळच्या भजनाला टिळकांचा अभंग निघाला की तबलजी सावरून बसतो, मागच्या बाकावरच्या आज्या पुस्तक मिटतात आणि पाठ म्हणतात. चार आवाजांत गायची इंग्रजी चाल आली की त्याच आज्या चष्मा शोधतात. नगरचे ख्रिस्ती गीतकार कृष्णराव सांगळे यांच्याबद्दल मात्र या धाग्यात अजून कुणीच बोललेलं नाही. नगरच्या मंडळींनी लिहावं.