मदत हवी आहे: मुलीच्या दातांसाठी ऑर्थोडॉन्टिस्ट कसा निवडायचा?

मुलगी ११ वर्षांची आहे, वरचे पुढचे दात चांगलेच बाहेर आलेत आणि एक सुळा हिरडीत वरच अडकून बसलाय. आमच्या डेंटिस्टनी ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा म्हणून सांगितलं. मला कळलंय ते एवढंच की हे लोक आधी डेंटिस्ट होतात आणि मग दात-जबड्याच्या ठेवणीचं वेगळं दोन-तीन वर्षांचं शिक्षण घेतात, आणि ब्रेसेसची तार हलका पण सतत दाब देते त्यामुळे दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं नि दुसरीकडे नवीन भरतं, असा दात सरकतो. ऐकून जरा धडकीच भरली, असो.

तर पहिल्या भेटीत नक्की काय विचारायचं? एक्स-रे आणि दातांचं माप न घेताच कुणी प्लॅन सांगायला लागलं तर सरळ उठून यावं ना? अलाइनर (दातांवर बसवायचे, काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) दिवसाचे २०-२२ तास घालावे लागतात म्हणे, आमची बाई चष्माही कुठेतरी विसरून येते, तेव्हा फिक्स ब्रेसेसच बऱ्या का? नंतर रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून घालतात ते) किती वर्षं? आणि तार बघायला सारखं जावं लागणार, मग लांबचा नावाजलेला की जवळचा? ज्यांच्या मुलांचं झालंय त्यांनी प्लीज सांगा.